समुद्राच्या गाळातील एका जिवाणूची नवी जाती म्हणून नोंद होईपर्यंत

समुद्रतळाच्या गाळात जिवाणू शोधावे लागत नाहीत. वरच्या थरातील एका घन सेंटिमीटर गाळात त्यांच्या दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असणे ही सामान्य गोष्ट आहे. अवघड असते ते त्यांतील एखाद्याला प्रयोगशाळेत वाढवणे आणि त्याहून अवघड असते ते वाढलेल्या जिवाणूचे वर्णन आजवर कोणीच केलेले नाही हे इतरांना पटेल अशा रीतीने दाखवणे. आमच्या गटाने गाळातून वेगळ्या केलेल्या अशाच एका जिवाणूचे वर्गीकरण माझ्याकडे आले होते. पहिल्या नमुन्यापासून छापील वर्णनापर्यंत हे काम कसे गेले, कोणत्या टप्प्यावर कशाचा निर्णय घ्यावा लागला आणि तो का घेतला, हे येथे मांडले आहे.

गाळ काढण्यासाठी बॉक्स कोअरर वापरला होता. हे पेटीसारखे उपकरण तळात रुतून गाळाचा चौकोनी ठोकळा उचलते आणि त्यामुळे गाळाचे थर विस्कटत नाहीत. वरचा फिकट तपकिरी थर प्राणवायू पोहोचणारा असतो, तर खालचा काळा थर लोहाच्या सल्फाइडमुळे काळा पडलेला आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा असतो. आम्हाला प्राणवायूवर जगणारे जिवाणू हवे होते, म्हणून पेटीच्या धातूच्या भिंतींना न लागलेला, ठोकळ्याच्या मधल्या भागातील वरचा एक-दोन सेंटिमीटर गाळ निर्जंतुक चमच्याने काढून घेतला. संवर्धनासाठीचा, म्हणजे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्यासाठीचा भाग ४ अंश सेल्सिअसला ठेवला, गोठवला नाही, कारण गोठवल्याने पुष्कळ पेशी मरतात. डीएनएसाठीचा भाग मात्र लगेच गोठवला. अक्षांश, रेखांश, खोली, तळाच्या पाण्याचे तापमान आणि क्षारता यांची नोंद तेव्हाच करून ठेवणे फार आवश्यक असते, कारण पुढे वर्णन लिहिताना ही माहिती मागितली जाते आणि मागाहून ती कोठूनही मिळवता येत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या पेशी आणि प्लेटवर, म्हणजे पोषक माध्यमाच्या बशीत, उगवणाऱ्या वसाहती (पेशींचे डोळ्यांना दिसणारे पुंजके) यांच्या संख्येत प्रचंड तफावत असते. स्टेली आणि कोनोप्का यांनी १९८५ मध्ये या तफावतीकडे ठळकपणे लक्ष वेधले होते आणि समुद्राच्या गाळावर काम करणाऱ्या प्रत्येकाला तिचा प्रत्यय येतो. साधारणपणे शंभरांतील एक पेशीही प्लेटवर वसाहत करत नाही. समुद्री जिवाणूंसाठी झोबेल यांच्या नावाने ओळखले जाणारे २२१६ क्रमांकाचे माध्यम सर्वत्र वापरले जाते, पण त्यात पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिने) आणि यीस्टचा अर्क भरपूर असतो आणि त्यावर झपाट्याने वाढणारे, आधीच वर्णन झालेले जिवाणूच पुढे येतात. म्हणून आम्ही त्याची ताकद दहाव्या भागापर्यंत कमी केली, गाळ निर्जंतुक समुद्रजलात टप्प्याटप्प्याने विरळ केला आणि प्लेट २० अंशांवर ठेवून दिल्या. पहिल्या आठवड्यात उगवलेल्या मोठ्या वसाहतींवर प्लेटच्या मागून खुणा केल्या आणि त्यांच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केले. काही आठवड्यांनी, इतरांनी सोडलेल्या जागेत, टाचणीच्या डोक्याएवढ्या नारिंगी-पिवळ्या वसाहती दिसू लागल्या. अशा उशिरा येणाऱ्या वसाहतींत नवे काही मिळण्याची शक्यता अधिक, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे. त्यांतील एक वसाहत उचलून ती पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर रेघाटून सगळ्या वसाहती एकसारख्या दिसेपर्यंत शुद्ध केली आणि तिचा साठा २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवला.

ओळख पटवण्याची पहिली पायरी १६एस आरआरएनए जनुकाची असते. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचा हा घटक प्रत्येक जिवाणूत असतो आणि फार सावकाश बदलतो. या आरएनएच्या तुलनेवरून कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये आर्किआ हा जीवांचा स्वतंत्र गट दाखवून दिला, तेव्हापासून जिवाणूंच्या वर्गीकरणाचा तो कणा झाला आहे. २७एफ आणि १४९२आर या नेहमीच्या प्रायमरांनी (जनुकाच्या दोन टोकांना चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) जनुकाची प्रत काढली, तिचा क्रम वाचून घेतला आणि तो इझीबायोक्लाउड या डेटाबेसमध्ये ताडून पाहिला. सार्वजनिक डेटाबेसांत कोणीही कोणतेही नाव लावून क्रम जमा केलेला असू शकतो. त्यामुळे तेथील पहिल्या क्रमांकाचे उत्तर पाहून निष्कर्ष काढू नये. तुलना करायची ती टाइप स्ट्रेनशी, म्हणजे एखादी जाती प्रथम वर्णन करताना जो विशिष्ट संवर्ध तिचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून ठरवला गेला त्याच्याशी. जातीचे नाव कायमचे त्या एका संवर्धाला बांधलेले असते.

उत्तर आले ते पेचात टाकणारे होते. आमचा स्ट्रेन, म्हणजे शुद्ध केलेला आमचा संवर्ध, फ्लेव्होबॅक्टेरिएसी या कुलातील निघाला आणि सर्वांत जवळच्या टाइप स्ट्रेनशी त्याचे साम्य ९८.९ टक्के भरले. आता या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे तो कोणत्या वर्षी विचारला जातो त्यावर अवलंबून असते. १९९४ मध्ये स्टाकेब्रांट आणि गोबेल यांनी ९७ टक्क्यांची रेषा सुचवली होती, म्हणजे त्याहून कमी साम्य असेल तर जाती वेगळी समजावी. २००६ मध्ये ती ९८.७ ते ९९ टक्क्यांपर्यंत वर नेली गेली आणि २०१४ मध्ये हजारो जीनोमांच्या (जीनोम म्हणजे एका जिवाणूचा संपूर्ण डीएनए) तुलनेतून ९८.६५ टक्के हा आकडा पुढे आला. आमचा स्ट्रेन या शेवटच्या रेषेच्या किंचित वर होता. ज्ञात जातीचाच हा आणखी एक स्ट्रेन असावा, तेव्हा वेळ घालवू नये, असा सल्ला गटातील काहींनी दिला आणि तो अविचारी मुळीच नव्हता.

तरीही पुढे जाण्याचे कारण असे होते की या रेषेचा उपयोग एकाच दिशेने होतो. साम्य रेषेच्या खाली असेल तर जाती वेगळी असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते, पण साम्य वर असेल तर जाती एकच असे म्हणता येत नाही. याचे जुने आणि ठळक उदाहरण बॅसिलस ग्लोबिस्पोरस आणि बॅसिलस सायक्रोफिलस या दोन जातींचे आहे. आता त्या स्पोरोसार्सिना या प्रजातीत मोडतात; प्रजाती हा शब्द येथे जातीच्या वरच्या पायरीसाठी वापरला आहे. त्यांच्या १६एस क्रमांत ९९.५ टक्क्यांहून अधिक साम्य असूनही संपूर्ण डीएनएच्या पातळीवर त्या स्पष्टपणे वेगळ्या आहेत, हे १९९२ मध्येच दाखवले गेले होते. शिवाय आमचा स्ट्रेन त्या जवळच्या जातीच्या वर्णनाशी जुळत नव्हता. तिच्या वर्णनात नोंदवलेले काही गुण आमच्याकडे दिसत नव्हते आणि वाढीचे तापमानही वेगळे होते. एवढ्यावर निर्णय होत नाही, पण जीनोम वाचून घेण्याइतका संशय त्यातून निश्चितच उभा राहतो.

पूर्वी हाच प्रश्न डीएनए-डीएनए संकरणाने सोडवला जात असे. दोन जिवाणूंचे डीएनए उकलून एकमेकांशी किती जुळतात हे मोजायचे आणि ७० टक्के किंवा त्याहून अधिक जुळणी असेल तर जाती एक मानायची, ही शिफारस १९८७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय समितीने केली होती. ते प्रयोग किचकट असत आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी नीट जुळत नसत. आता दोन्ही जीनोम वाचून तीच तुलना संगणकावर होते. दोन जीनोमांतील समान भागांच्या सरासरी साम्याला एएनआय म्हणतात आणि जातीची सीमा त्यात ९५ ते ९६ टक्क्यांवर मानली जाते. हा पट्टा जुन्या ७० टक्क्यांशी जुळवून ठरवलेला आहे. नव्या पद्धतीने जुनीच सीमा नव्या एककात मोजली, हे येथे ध्यानात ठेवायला हवे. ७० हा आकडा निसर्गाने आखून दिलेला नाही, तो काम करणाऱ्या माणसांनी अनुभवावरून ठरवलेला आहे. पुढे सुमारे नव्वद हजार जीनोमांच्या तुलनेत या सीमेच्या आसपास खरोखरच विरळ जागा दिसून आली, ही गोष्ट मात्र मला अजूनही विलक्षण वाटते.

जीनोम वाचताना दक्षता घ्यावी लागते ती मिसळणीची. २०१८ मध्ये वर्गीकरणासाठीच्या जीनोमांचे किमान निकष मांडले गेले. त्यांनुसार प्रत्येक जागा सरासरी किमान ५० वेळा वाचली गेलेली असावी आणि जीनोममधून मिळालेला १६एस क्रम स्वतंत्रपणे वाचलेल्या १६एस क्रमाशी जुळावा. ही दुसरी अट साधी दिसते, पण नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर ती तेथेच पकडली जाते. आमचा जीनोम सुमारे ३८ लाख बेस जोड्यांचा आणि त्यातील ग्वानिन व सायटोसिनचे प्रमाण सुमारे ३४ टक्के निघाले. सर्वांत जवळच्या टाइप स्ट्रेनशी एएनआय ८६ टक्क्यांच्या आसपास भरले आणि संगणकीय डीएनए-डीएनए संकरणाचा आकडा ७० च्या निम्म्याहूनही खाली राहिला. जाती वेगळी होती, यात आता शंका उरली नाही.

जाती वेगळी आहे हे कळल्यावर ती कोणत्या प्रजातीत ठेवायची हा प्रश्न येतो आणि तो अधिक निसरडा असतो. जातीसाठी निदान एक सर्वमान्य आकडा आहे. प्रजातीसाठी प्रथिनांच्या सरासरी साम्याचे किंवा समान प्रथिनांच्या टक्केवारीचे जे निकष सुचवले गेले आहेत, ते काही कुलांत चांगले लागू पडतात आणि काहींत अजिबात नाही. एकट्या १६एसवर काढलेल्या वंशवृक्षात आमचा स्ट्रेन दोन शेजारच्या प्रजातींच्या मधोमध लटकत होता. बूटस्ट्रॅप या सांख्यिकी चाचणीत त्या फांदीला मिळालेला आधार इतका कमी होता की त्यावर काहीही टेकवणे धोक्याचे ठरले असते. जिवाणूंच्या बहुतेक जीनोमांत एकेका प्रतीने आढळणाऱ्या ९२ गाभ्याच्या जनुकांचे क्रम एकत्र जोडून वृक्ष काढला, तेव्हा तो त्यांतील एका प्रजातीच्या आत, भक्कम आधारासह बसला. मधोमध लटकणाऱ्या स्ट्रेनसाठी नवी प्रजाती उभारण्याचा मोह अनेकांना होतो, कारण नवी प्रजाती ही नव्या जातीपेक्षा मोठी बातमी असते. परंतु एकाच स्ट्रेनवर उभारलेल्या प्रजाती काही वर्षांनी पुन्हा जुन्या प्रजातींत विलीन कराव्या लागल्याची उदाहरणे आहेत आणि त्या उलाढालीचा त्रास नावे वापरणाऱ्या सर्वांना होतो. आम्ही असलेल्या प्रजातीतच नवी जाती सुचवली.

यानंतर सुरू झाला तो सर्वांत लांबलेला भाग. दोन शेजारी जातींचे टाइप स्ट्रेन संवर्ध संग्रहालयांकडून मागवले. ते गोठवून सुकवलेल्या स्थितीत काचेच्या सीलबंद नळ्यांतून येतात आणि त्यांना जागे करून वाढीला लावण्यात वेळ जातो. त्यांतील एकाचा जीनोम सार्वजनिक डेटाबेसमध्ये नव्हता, तोही आम्हीच वाचून घेतला. जुन्या शोधनिबंधांत शेजाऱ्यांचे गुण छापलेले असताना ते पुन्हा तपासायचे कशाला, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पण जिवाणू कोणत्या माध्यमात, कोणत्या तापमानाला आणि वाढीच्या कोणत्या अवस्थेत आहे यावर त्याचे अनेक गुण बदलतात. थंडीत वाढवलेल्या पेशीच्या पटलातील मेदाम्ले त्याच पेशीला उबेत वाढवल्यावर आढळणाऱ्या मेदाम्लांपेक्षा वेगळी असतात. म्हणून तिन्ही स्ट्रेन एकाच माध्यमात, एकाच तापमानाला वाढवून, एकाच अवस्थेत गोळा करून शेजारी शेजारी तपासल्याशिवाय त्यांच्यातील फरकाला काही किंमत नसते.

क्षारांच्या चाचणीने मला बरेच शिकवले. समुद्री जिवाणूला किती मीठ लागते हे पाहण्यासाठी सोडियम क्लोराइडचे प्रमाण शून्यापासून वाढवत नेतात. आमचा स्ट्रेन केवळ सोडियम क्लोराइड घातलेल्या माध्यमात कोणत्याच प्रमाणाला वाढेना, पण तेच प्रमाण मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या क्षारांसह दिले की व्यवस्थित वाढे. या कुलातील अनेक समुद्री जिवाणूंचे असेच असते. म्हणजे ही चाचणी करायची तर सोडियम क्लोराइड वगळून बाकीचे सर्व क्षार असलेले कृत्रिम समुद्रजल आधी तयार करायचे आणि त्यात मोजून मीठ घालायचे. एन्झाइमे तपासण्याच्या तयार चाचणीपट्ट्यांचेही हेच आहे. एपीआय नावाच्या या पट्ट्यांसोबतच्या सूचनांप्रमाणे पेशी कमी क्षारतेच्या द्रावात मिसळल्या तर समुद्री जिवाणू त्यात धड जगतच नाहीत आणि मग मिळणारे ‘नाही’ हे उत्तर एन्झाइम नसल्याचे की पेशी मेल्याचे, हे सांगता येत नाही. आम्ही पेशी समुद्रजलाइतक्या क्षारतेच्या द्रावात मिसळल्या आणि तसे केल्याचे निबंधात नोंदवले. अशा नोंदी वगळलेली वर्णने वाचताना त्यांतील नकारार्थी गुणांवर मी फारसा विसंबत नाही.

बाकीच्या चाचण्या ठरलेल्या वाटेने गेल्या. पेशी दंडाकार, ग्रॅम-ऋण (ग्रॅम रंजनात जांभळा रंग धरून न ठेवणाऱ्या), पोहण्यासाठीच्या कशाभिका नसलेल्या पण पृष्ठभागावर घसरत सरकणाऱ्या होत्या. कॅटालेज या एन्झाइमच्या चाचणीत ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकताच बुडबुडे आले. वसाहतीवर २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर रंग बदलला नाही, म्हणजे नारिंगी-पिवळा रंग फ्लेक्सिरुबिन गटातील रंगद्रव्याचा नसून कॅरोटिनॉइडांचा असावा. श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे क्विनोन एमके-६ निघाले, जे या कुलाचे ओळखचिन्हच आहे, आणि मेदाम्लांत आयसो-सी१५:० चे प्राबल्य होते. पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफीत ध्रुवीय लिपिडांचे ठिपके मोजताना मात्र डोळे शिणतात. फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन हे लिपिड ओळखता येते, पण त्यापुढचे बरेच ठिपके ‘अनोळखी लिपिड’ म्हणूनच नोंदवले जातात. तसा एक ठिपका अधिक की उणा यावर दोन जातींतील भेद सांगणे मला पटत नाही. जीनोम इतक्या सहज वाचता येत असताना या चाचण्यांवर एवढा वेळ खर्चावा का, हा वाद वर्गीकरण करणाऱ्यांत चालूच आहे. माझे मत असे की जाती वेगळी ठरवण्यासाठी आता त्यांची गरज उरलेली नाही, पण तो जिवाणू काय करतो आणि कशावर जगतो हे सांगण्यासाठी त्यांतील निम्म्या तरी हव्यातच.

नाव देण्याचे नियम आंतरराष्ट्रीय प्रोकॅरिओट (म्हणजे जिवाणू आणि आर्किआ) नामसंहितेत आहेत. जुन्या नावांचा प्रचंड पसारा आवरण्यासाठी १ जानेवारी १९८० रोजीच्या मान्य यादीपासून नावांची मोजणी नव्याने सुरू झाली. त्या यादीत नसलेली जुनी नावे आपोआप गळाली. नाव लॅटिन रूपाचे असावे लागते, जातीदर्शक विशेषणाचे लिंग प्रजातीच्या नावाशी जुळावे लागते आणि लेखकांनी स्वतःचे नाव देऊ नये असा संकेत आहे. आम्ही गाळातील वास्तव्य सांगणारे नाव निवडले, कारण ठिकाणाचे नाव दिले आणि तोच जिवाणू उद्या दुसऱ्या समुद्रात सापडला तर ते नाव विनाकारण दिशाभूल करत राहते. निवडलेले नाव आधी कोणी वापरलेले नाही, हे जिवाणूंच्या मान्य नावांच्या एलपीएसएन या सूचीत पाहून घेतले.

नाव वैध ठरण्यासाठीची दुसरी अट अधिक खर्चिक आहे. २००१ पासून टाइप स्ट्रेन किमान दोन वेगवेगळ्या देशांतील सार्वजनिक संवर्ध संग्रहालयांत जिवंत स्थितीत जमा करावा लागतो. जर्मनीतील डीएसएमझेड किंवा जपानमधील जेसीएम यांसारखी संग्रहालये आलेला संवर्ध स्वतः वाढवून, शुद्धता आणि ओळख तपासून, मगच क्रमांक आणि प्रमाणपत्र देतात. हे प्रमाणपत्र निबंधासोबत जोडावे लागते आणि संवर्ध मागेल त्याला निर्बंधाविना मिळेल, असे त्यात नमूद असावे लागते. जगातील बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, त्यामुळे या अटीने ते कायमचे नावाबाहेर राहतात, अशी तक्रार रास्त आहे. तिच्यातूनच २०२२ मध्ये जीनोमचा क्रमच नावाचा आधार मानणारी सीककोड ही वेगळी संहिता आली. ज्याला वाढवताच येत नाही त्याच्यासाठी ती सोय योग्यच आहे. ज्याला वाढवता येते त्याचा संवर्ध मात्र जमा व्हायलाच हवा, कारण माझ्या चाचण्यांवर शंका घेणाऱ्याला त्या स्वतः करून पाहण्याचा तोच एक मार्ग आहे.

नव्या जातींची वर्णने मुख्यतः इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिस्टेमॅटिक अँड इव्होल्यूशनरी मायक्रोबायॉलॉजी या नियतकालिकात येतात. तेथे छापलेले नाव थेट वैध ठरते. अन्यत्र छापले तर ते त्याच नियतकालिकाच्या वैधता यादीत यावे लागते. परीक्षकांनी प्रजातीच्या निवडीबद्दल सविस्तर खुलासा मागितला आणि नावाच्या व्युत्पत्तीची तपासणी स्वतंत्रपणे झाली. आमच्या स्ट्रेनचे घसरत सरकणे त्या प्रजातीच्या मूळ वर्णनात बसत नसल्याने प्रजातीचे वर्णनही सुधारून द्यावे लागले.

छापलेले वर्णन सध्या एकाच स्ट्रेनवर आधारलेले आहे आणि ही त्याची मोठी मर्यादा आहे. त्यातील कोणता गुण संपूर्ण जातीचा आणि कोणता केवळ या एका स्ट्रेनचा, हे दुसरा स्ट्रेन मिळेपर्यंत सांगता येणार नाही. नव्याने वर्णन होणाऱ्या बहुतेक जातींची स्थिती अशीच आहे. इतरांनी गाळातून थेट वाचलेल्या डीएनएत आमच्या १६एस क्रमाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे क्रम दिसतात, तेव्हा ही जाती अन्यत्रही असावी. परंतु ते संवर्ध नाहीत, त्यांच्यावर जिलेटिनची किंवा मिठाची चाचणी करता येत नाही. त्यासाठी विरळ माध्यमाच्या प्लेट पुन्हा लावल्या आहेत आणि दुसरा स्ट्रेन मिळून त्याचे गुण वेगळे निघाले, तर जातीचे वर्णन त्याप्रमाणे दुरुस्त करून छापावे लागेल.